निवडून आलेला मेंबर आणि पंचायतीचे दफ्तर

श्रोतेहो, नमस्कार.

कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. त्यामुळे बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या गावांत प्रत्येक वेळी अशी काही माणसे निवडून येतात, की ज्यांच्या घरातले कोणी आजवर पंचायतीची पायरी चढलेले नसते. कोणी युवक मंडळात वाढलेला मुलगा असतो, कोणी बचत गट चालवणारी बाई असते, कोणी गोव्यात बांधकामावर काम करून परतलेला गवंडी असतो. गुलाल उधळला जातो, हार पडतात, आणि थोड्याच दिवसांत हा नवा मेंबर अशा खोलीत जाऊन बसतो, जिथे त्याच्याखेरीज जवळजवळ सगळेच मुरलेले असतात. तिथे त्याचे काय होते, याविषयी मला आज बोलायचे आहे.

हे दार कर्नाटकाने फार लवकर उघडले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अब्दुल नझीर साब पंचायत राज मंत्री असताना 1983 चा कायदा आला, 1987 मध्ये त्यानुसार निवडणुका झाल्या आणि महिलांसाठी एक चतुर्थांश जागा राखल्या गेल्या. पंचायतींना देशभर घटनात्मक दर्जा देणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली, ती त्यानंतर. आज या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. मात्र दार उघडले म्हणून आतले दफ्तर आपोआप हाती येत नाही.

पंचायत विकास अधिकारी, ज्याला आपण सगळे पीडीओ म्हणतो, तो बदलीवर येतो आणि जातो. बिल कलेक्टर, वॉटरमन आणि ठरलेला कंत्राटदार मात्र वर्षानुवर्षे तिथेच असतात. कोणत्या घराचे इ-स्वत्तूचे, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचे, फॉर्म 9 आणि 11 अडकले आहेत, कोणत्या कामाचे बिल निघायचे आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. मेंबर गटार मागतो, तेव्हा त्याला ‘नियमात बसत नाही’ असे उत्तर मिळते, आणि नियम दाखवा म्हणायला नियम कुठे लिहिला आहे हे आधी माहीत असावे लागते.

प्रत्येक वेळी त्यामागे डाव असतो, असेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला ठेवण्यात आला. ज्याने प्रचारात वाडीला रस्ता कबूल केला, त्याला हे निवडून आल्यावर कळते, आणि गावात तोंड दाखवणे अवघड होते. वर्षाचा कृती आराखडा कधी ठरतो, अंदाजपत्रक कोण करतो, तालुका पंचायतीत फाइल कुठे थांबते, हे कळेपर्यंत त्याच्या मुदतीतला मोठा काळ निघून जातो. मला याचे फार वाईट वाटते, कारण पहिल्या वर्षाची ती तळमळ नंतर क्वचितच परत येते.

सीमाभागात या सगळ्यावर आणखी एक अडचण चढते. आपल्या मेंबरला कन्नड येत नाही, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. बाजारात, बसमध्ये, शेतावर तो सहज कन्नड बोलतो. पण मराठी शाळेत शिकल्यामुळे त्याला ती लिपी वाचता येत नाही. सभेची नोटीस, जमाखर्च, ठरावाचे पुस्तक, सगळे कन्नडमध्ये असते. सभा संपता संपता पुस्तक फिरवले जाते, बोट ठेवून जागा दाखवली जाते आणि बाई मेंबर सही करते. सहीच्या वर चार-पाच ओळी कोऱ्या सोडलेल्या असतात. त्या जागेत पुढे काय लिहिले गेले, हे तिला पुष्कळदा काम सुरू झाल्यावर किंवा बिल निघाल्यावर समजते. तिच्या प्रामाणिकपणाचा इथे काही उपयोग होत नाही, आणि उद्या चौकशी लागली तर सही तिचीच असते.

घटनेच्या 350 व्या कलमानुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, म्हणजे मराठीतले निवेदन कोणताही अधिकारी भाषेचे कारण सांगून परत करू शकत नाही. उत्तर त्याच भाषेत द्यावे, असे मात्र ते कलम म्हणत नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असे देशपातळीवर मान्य झालेले संरक्षण आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत मराठी भाषकांचे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त आहे, म्हणून ही मागणी हक्काची आहे आणि ती सोडता कामा नये. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा लागतो. तो मराठीत देऊन महिनाभर वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

हक्क मिळेपर्यंत दफ्तर थांबत नाही, म्हणून माझी विनंती गावातल्या निवृत्त शिक्षकांना, सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरींना आणि कन्नड वाचता येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना आहे. सभेची नोटीस आली, की त्या संध्याकाळी मेंबरच्या घरी जाऊन ती त्याला विषयवार वाचून दाखवा. मागच्या सभेच्या ठरावांची नक्कल रीतसर मागून घ्यायला लावा आणि त्याची पोच जपून ठेवा. सही करण्यापूर्वी शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारायची, हे पहिल्याच सभेच्या आधी प्रत्येक नव्या मेंबरला सांगा, आणि बाई मेंबर असेल तर तिच्या नवऱ्याला न सांगता तिलाच सांगा.