लाइट घालवायची की कार्बन काढायचा?

एप्रिल २०१०. गाड्यांच्या प्रदूषणाचे भारत स्टेज चारचे नियम देशातल्या १३ शहरांत लागू झाले. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे, सुरत, कानपूर, आग्रा, लखनौ आणि आपलं सोलापूर. ते टप्प्याटप्प्यानं पसरत सगळ्या देशात लागू व्हायला २०१७ उजाडलं. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ३५० भागांवरून ५० वर आलं, आणि नव्या गाड्यांच्या धुरावर कडक मर्यादा आली. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड आवरायला डिझेल गाड्यांची मोठी भिस्त ज्या यंत्रणेवर होती, तिचं नाव ईजीआर, म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. आणि आज अक्कलकोट रोडच्या या गॅरेजमध्ये जी गाडी उभी आहे, तिचं दुखणं नेमकं तिथंच आहे.

गाडी टॅक्सीची. सोलापूर ते तुळजापूर, सोलापूर ते अक्कलकोट, अधूनमधून पंढरपूर. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराची पिवळी लाइट लागलीय. पिकअप पडलाय, अ‍ॅव्हरेजही कमी झालंय.

‘‘मेस्त्री, लाइट तेवढी घालवून द्या की ओ. उद्या पहाटे भाडं हाय.’’

‘‘घालवायला दोन मिनिटं, मालक. पण दोन दिवसांत परत येतीय की ती.’’

मेस्त्री सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, इंडी-विजापूरची गाडी आली की कन्नड. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्यांनी स्कॅनर जोडला. कोड आला पी ०४०१. म्हणजे ईजीआरमधून जेवढा धूर इंजिनात परत जायला हवा, तेवढा जात नाही.

धूर परत इंजिनात? ऐकायला उलटं वाटतं, पण आहे तसंच. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. सिलिंडरमध्ये उष्णता फार वाढली, की मात्र त्याची ऑक्सिजनशी गाठ पडते आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतं. म्हणून जळून गेलेल्या धुराचा थोडा भाग आत येणाऱ्या हवेत मिसळतात. त्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे जळणाची उष्णता आटोक्यात राहते.

अडचण अशी, की या धुरात काजळी असते. इंजिनाच्या पोटातून ब्रीदरच्या पाइपनं ऑइलची वाफही त्याच वाटेनं येते. दोघींची गाठ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यात पडते, आणि थरावर थर चढत जातो.

मेस्त्रींनी आधी व्हॅक्यूमच्या नळ्या तपासल्या, वायरिंगचा कनेक्टर काढून बघितला. मग स्कॅनरवरूनच ईजीआरचा व्हॉल्व्ह उघडायला लावला. धूर आत आला की तेवढी ताजी हवा कमी यायला हवी. व्हॉल्व्ह हलतोय, पण ताजी हवा जेवढी कमी व्हायला पाहिजे तेवढी होत नाही. व्हॉल्व्ह शाबूत, वाट बंद. ही पंधरा-वीस मिनिटांची तपासणी फार मोलाची आहे. ती न करता थेट नवा व्हॉल्व्ह गळ्यात मारला, तर गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि लाइट आहे तिथंच.

इंजिन गार झालं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. इंटरकूलरचा होज, मग व्हॉल्व्ह, मग मॅनिफोल्ड. आता हे जवळून बघा. धूर जिथून आत येतो ते तोंड. इथं अंगठा सहज जायला हवा. मेस्त्रींची करंगळी अडली. कडेनं डांबरासारखा काळा, चिकट थर. वरून ओलसर, आत खरवडलं तर कडक. स्क्रेपर फिरला की त्याच्या चकत्या निघतात.

इथं घाई करणाऱ्याचं काम बिघडतं. बरेच जण हे भाग कॉस्टिकच्या पाण्यात टाकतात. लोखंडाला ते चालतं, पण मॅनिफोल्ड बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं असतं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं, वर हायड्रोजन वायू सोडतं. या गॅरेजात मॅनिफोल्ड रात्रभर डिझेलमध्ये भिजवतात, सकाळी लाकडी पट्टी आणि ब्रशनं खरवडतात, शेवटी कार्ब क्लीनर मारून धुतात. व्हॉल्व्हची मोटर आणि सेन्सर भिजवायचे नाहीत. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या टोकावरची काजळी फक्त त्याच्या स्प्रेनं काढायची, ब्रश लावायचा नाही.

इंजिनाच्या हेडची तोंडं साफ करताना तर डोळ्यांत तेल घालून काम चालतं. ज्या सिलिंडरचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह मिटलेले, तेवढंच तोंड खरवडायचं, बाकीच्यांत कापडाचे बोळे. खरवडलेलं सगळं व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचं. कार्बनचा कडक खडा आत पडला, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतो किंवा पिस्टनवर ओरखडे काढतो.

चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या नळीत स्प्रे मारून ‘झटपट सफाई’ करणारेही आहेत. कृपा करून ते करू नका. तो स्प्रे पेट घेणारा असतो आणि डिझेल इंजिनाला तो इंधनच वाटतो. जास्त गेला तर चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, आवाक्याबाहेर पळत सुटतं.

मेस्त्रींच्या हातात मोजे आहेत, तोंडाला मास्क. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच ठरवलंय. तोच धूर इथं साठून घट्ट झालेला आहे. पोरं उघड्या हातांनी तो खरवडतात तेव्हा जीव कळवळतो. मोज्यांची जोडी काही महाग नाही.

मॅनिफोल्ड भिजत पडलंय तोवर ड्रायव्हरनं विचारलंच.

‘‘आमच्या स्टँडवरचे म्हणत्यात, पत्रा मारून बंदच करून टाक. परत कटकट नाही.’’

पत्रा मारणं म्हणजे ईजीआरच्या वाटेत बिनभोकाची पट्टी बसवायची, आणि लाइट लागू नये म्हणून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलायचा. काजळी येत नाही, पिकअपही बरा लागतो. पण नायट्रोजन ऑक्साइड मोकळं सुटतं. उन्हात त्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो छातीला बाधतो. सोलापूरच्या उन्हाबद्दल सोलापूरकरांना काय सांगायचं! एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ च्या वर जातो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आलेलं आहे. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलेला रिक्षावाला आणि शाळेची पोरं तीच हवा ओढतात. गाडी आपली असली तरी हवा आपल्या एकट्याची नाही, म्हणून पत्र्याला माझा ठाम विरोध आहे. या मेस्त्रींचाही आहे. ते पत्रा मारून देत नाहीत, भले गिऱ्हाईक शेजारी जावो.

दुसऱ्या दिवशी जोडणी झाली. सगळे गॅस्केट नवे. जुना गॅस्केट लावला तर हवा चोरते आणि दुसराच कोड येतो. बोल्ट मधून सुरू करून दोन्ही बाजूंना, टॉर्क रेंचनं. कोड आता पुसला. व्हॉल्व्हची नवी ठेवण कॉम्प्युटरला शिकवली, आणि गाडी तुळजापूरच्या रस्त्याला काढली. घाटाच्या अलीकडून परत. लाइट नाही. स्कॅनरवर व्हॉल्व्ह उघडला की ताज्या हवेचा आकडा खाली येतोय, मिटला की वर जातोय.

‘‘परत कधी धरंल हो हे, मेस्त्री?’’

‘‘स्टँडावर एसी लावून तासतास चालू ठेवता का गाडी?’’

‘‘उन्हाळ्यात ठेवावीच लागतीय.’’

‘‘मग लवकर धरंल.’’

इंजिन नुसतं चालू असताना, किंवा हलक्या ओझ्यानं गावात फिरताना ईजीआर जास्त उघडं राहतं. जोर लावला की मिटतं. पुणे हायवेला गाडी पळवली म्हणजे साठलेला कार्बन जळून जातो, हा समज खरा नाही. मॅनिफोल्डमध्ये तेवढी उष्णताच नसते. नवा थर कमी बसतो, इतकंच. ऑइल योग्य ग्रेडचं, एअर फिल्टर वेळेवर, आणि प्रवासी येईपर्यंत गाडी बंद. पुढच्या ऑइल बदलीला व्हॉल्व्ह खोलून बघायचा, हे मेस्त्रींनी बिलाच्या मागं लिहून दिलंय.