नऊ मिनिटांच्या पणत्या आणि ग्रिडवाल्यांची रात्र

नमस्कार मंडळी. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवतेय ना? लॉकडाऊन होता आणि रात्री ९ वाजता ९ मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. आपण गॅलरीत मजेत उभे होतो आणि तिकडे लोड डिस्पॅच सेंटरमधल्या, म्हणजे विजेची मागणी आणि निर्मिती जुळवत बसणाऱ्या लोकांची झोप दोन दिवस आधीच उडालेली.

का, तर वीज पिंपात भरून ठेवता येत नाही, लागेल तेवढी त्याच क्षणी बनवावी लागते. त्यात आता देशाचं ग्रिड, म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांचं जाळं, एकच, ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन जोडली आणि दक्षिण भारतही बाकीच्या देशाच्या ठेक्यात आला. ठेका म्हणजे ५० हर्ट्झ, सेकंदाला ५० आवर्तनं. वारीत दिंडीचे टाळ कसे एका तालात वाजतात तसंच, देशभरातली मोठमोठी टर्बाईन्स एकाच तालात फिरतात. मागणी वाढली की ताल मंदावतो, एकदम कमी झाली की पळतो, आणि फारच बिघडला तर मशीन स्वतःचा जीव वाचवायला बाहेर पडतं. मग त्याचं ओझं शेजारच्यावर, तेही पडतं. जुलै २०१२ मध्ये सलग दोन दिवस हेच झालं, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड बसली आणि साठेक कोटी लोकांच्या भागातली लाईट गेली.

तर त्या पणतीच्या रात्री मागणी १२-१४ हजार मेगावॅटने पडेल असा हिशोब होता, पडली ३१ हजारांनी! तरी ग्रिड टिकलं, कारण जलविद्युत आधीपासून हाताशी ठेवलेली. कोयनेसारखी पाण्यावरची मशीन्स मिनिटांत वर-खाली करता येतात, कोळशाच्या बॉयलरला ते जमत नाही. म्हणजे अंदाज चुकला पण तयारी अंदाजापेक्षा मोठी होती. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

आणि मग त्याच वर्षी १२ ऑक्टोबर, सोमवार सकाळ, मुंबई. पडघा-कळवा भागातल्या ४०० केव्ही लाईन्सची गडबड झाली, उरलेल्या लाईन्सवर भार आला आणि दहाच्या सुमाराला शहर बंद, लोकल जिथल्या तिथे, माणसं रुळांवरून चालत. खरं तर मुंबईसाठी आयलँडिंगची सोय होती, म्हणजे बाहेर बिघडलं की शहराने नाळ तोडायची आणि ट्रॉम्बे, डहाणूच्या विजेवर निदान महत्त्वाचं तरी चालू ठेवायचं. त्या दिवशी ते बेट काही टिकलं नाही. बेट टिकवायचं तर आतली निर्मिती आणि आतली मागणी त्या क्षणी जुळायला हवी, जास्तीचा लोड आपोआप तुटायला हवा. बाहेरची वीज स्वस्त मिळते म्हणून आतली मशीन्स थंड ठेवली तर कागदावरच्या बेटात राहणार कोण?

नाळ कुठे तोडायची, आधी कुणाची लाईट घालवायची, हे शांत डोक्यानं आधीच ठरवून ठेवायचं असतं. हॉस्पिटल, पंपिंग स्टेशन, रेल्वे शेवटपर्यंत चालू, एसीवाले मॉल आधी बंद. बोलायला सोपं, पण फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाईन्स, तसे वेगळे काढलेले हवेत ना, एकाच फीडरवर हॉस्पिटल आणि मॉल असेल तर काय करणार?

आमच्या सोसायटीचंच घ्या. जनरेटर आहे, दर महिन्याला वॉचमन तो पाच मिनिटं सुरू करून रजिस्टरमध्ये सही करतो, सगळं नियमानं. फक्त लिफ्ट त्यावर जोडून कधी चालवूनच बघितली नव्हती. ते कळलं लाईट गेल्यावर, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, आणि आत मीच होतो.