निंबोळी अर्क फवारायचा तर अळी लहान असताना

बंधू-भगिनींनो, निंबोळी अर्काबद्दल गावोगावी एकच तक्रार ऐकू येते: "फवारला, पण दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच!" तक्रार खरी आहे. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य अळीला जागच्या जागी मारतच नाही. ते तिची भूक मोडतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. अळी खाणं सोडते, मरगळते, अर्धवट कातीत अडकते आणि काही दिवसांनी मरते. म्हणून फवारणीनंतर मेलेल्या अळ्या मोजत बसू नका. नवी पानं कुरतडली जातात का, ते बघा. पूर्ण वाढलेल्या घाटेअळीवर हा अर्क फारसा चालत नाही. अंडी दिसू लागली, बारीक अळ्या बाहेर पडल्या, की तीच त्याची वेळ.

हा गुण शास्त्रज्ञांच्या नजरेत भरला तो टोळधाडीत. १९५९ साली सुदानमध्ये हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं, की टोळ कडुनिंबावर उतरतात आणि पाला न खाता निघून जातात. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की निंबोळीचं पाणी शिंपडलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. पुढे १९६८ मध्ये अझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं. तो रेणू प्रयोगशाळेत जुळवायला केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांना २२ वर्षं लागली. २००७ साली ते जमलं. आणि आपल्या बांधावर निंबोळ्यांचा सडा पडतो, पावसात कुजून जातो. मला याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा यंदा पिकलेल्या निंबोळ्या वेचा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा. बुरशी धरलेली बी घेऊ नका, वर्षापेक्षा जुनीही नको. पाच किलो बी कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. दुसऱ्या दिवशी फडक्यातून पिळून गाळा. एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळा, म्हणजे अर्क पानावर नीट पसरतो. मग पाणी घालून एकूण १०० लिटर करा. हा झाला पाच टक्क्यांचा अर्क. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं, म्हणून ऊन कलल्यावर फवारा आणि केलेला अर्क त्याच दिवशी संपवा.

पण झाडापाल्याचं आहे म्हणजे निर्धोक आहे, असं मुळीच समजू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात रासायनिक कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, ते दुःख आपण विसरलेलो नाही. म्हणूनच सांगतो: तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिनसुद्धा कातडीतून अंगात भिनतं. कण्हेरही विषारी आहे. दशपर्णी अर्कात, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्कात, कण्हेर घालत असाल, तर उघड्या हाताने ढवळू नका, आणि लेकराबाळांना पिंपाजवळ जाऊ देऊ नका.

आता तणांचा प्रश्न. इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. निंबोळीच्या तोडीचा, घरी करता येईल असा तणनाशक अर्क आज आपल्या हाती नाही. ज्वारीची मुळं सोर्गोलिऑन नावाचं द्रव्य सोडतात, त्याने आजूबाजूच्या तणांची वाढ खुंटते. ज्वारीच्या धाटांचा अर्क पाकिस्तानात फैसलाबादच्या संशोधकांनी गव्हावर वापरून पाहिला; तण कमी होतं, पण शेत स्वच्छ होत नाही. बॉटलब्रशच्या झाडाखाली तण कमी उगवतं, हे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्या धाग्यावरून मक्यातलं मेसोट्रायोन हे तणनाशक तयार झालं. पण ते कारखान्यात बनतं, चुलीवर नाही.

गाजर गवतासाठी मात्र अर्क काढत बसण्यापेक्षा जिवंत झाडालाच कामाला लावा. तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा करून ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये पडीक जागेवर, रस्त्याच्या कडेला फेका. पावसाबरोबर तरोटा दाट उगवतो आणि गाजर गवताला दाबून टाकतो. जे उरेल ते फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा.