काळ्या रानाच्या भेगा आणि तेलविहिरीचा चिखल

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल-मे महिन्यात काळ्या रानाला पाय अडकेल अशा भेगा पडतात आणि चार पाऊस झाले की मिटतात. ही करामत माँटमोरिलोनाइट या खनिजाची. त्याच्या अतिशय पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते. हे खनिज भरपूर असलेली माती म्हणजे बेंटोनाइट. तेलविहीर खोदताना तिच्याशिवाय क्वचितच भागतं. आपल्या देशात ती कच्छमध्ये सापडते, आणि आपल्या काळ्या मातीसारखंच तिचंही मूळ दख्खनच्या ज्वालामुखी खडकात आहे.

शंभर लिटर पाण्यात पाच-सहा किलो बेंटोनाइट कालवलं की ड्रिलिंगचा चिखल तयार होतो. तो पोकळ नळीतून बिटपर्यंत, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकापर्यंत, जातो आणि खडकाचा चुरा घेऊन नळीच्या बाहेरून वर येतो. वाटेत विहिरीची भिंत सारवतो, म्हणून पाणी खडकात झिरपत नाही. पण नवी नळी जोडायला पंप थांबवला तर? नुसत्या पाण्यात चुरा खाली बसेल, बिट अडकेल. हा चिखल मात्र थांबला की दह्यासारखा धरतो आणि हलला की पातळ होतो. दही एकदा मोडलं की मोडलं. हा पुन्हा पुन्हा धरतो. मला याचं आजही नवल वाटतं.

आता समुद्रात चला. 1974 साली ‘सागर सम्राट’ या रिगनं, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रमंचानं, बॉम्बे हायला तेल शोधलं, ते मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर. तिथे चहूकडे खारं पाणी, आणि खाऱ्या पाण्यात कोरडं बेंटोनाइट टाकलं तर ते नीट फुगतच नाही. म्हणून ते आधी गोड्या पाण्यात भिजवून मग खाऱ्यात मिसळतात. नाहीतर अटापुल्गाइट किंवा सेपिओलाइट या वेगळ्या जातीच्या माती घेतात. यांचे कण सुईसारखे असतात. ते फुगत नाहीत. जोरात घुसळले की पेंढ्यासारखे एकमेकांत गुंततात आणि चुरा धरून ठेवतात. मीठ कितीही असो, त्यांचं अडत नाही. खोल विहिरीच्या उष्णतेत बेंटोनाइट नको इतकं घट्ट होतं, तिथेही सेपिओलाइट टिकतं. मात्र या सुयांना भिंत सारवता येत नाही. त्यासाठी सोबत स्टार्च किंवा सेल्युलोजचं पॉलिमर घालावं लागतं.

म्हणून माती निवडण्याआधी पाणी तपासायचं. चिखल झाल्यावर तो मार्श फनेल नावाच्या नरसाळ्यातून सोडून घड्याळ लावायचं. साधं पाणी ठरलेलं माप 26 सेकंदांत भरतं, चिखलाला जास्त वेळ लागतो. रिगवर हे मोजमाप दिवसरात्र चालू असतं.