पंगतीत कोण बसलं होतं?

(साताऱ्यातील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. विषय मोठा दिलाय: समाजरचना आणि तिच्यामुळे घडणारं शिक्षण, संस्कृती, नाती. तिन्हींवर बोलेन असं मी कबूल केलंय. पण सुरुवात चुलीपासून करते, कारण ही गोष्ट माझ्या डोक्यात फार वर्षं घोळतेय आणि ती मांडायला साताऱ्याइतकं योग्य गाव नाही. मूल वर्गात कुणाशेजारी बसतं यानं समाज थोडा हलतो. ते जेवायला कुणाशेजारी बसतं यानं तो खरा हलतो. एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्याच गावाचा दाखला घ्या. ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या सरकारी हायस्कुलाच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, आणि पाळावाच. पण नाव पटावर चढल्यावर वर्गात काय होतं? एका कोपऱ्यात तरटाचा तुकडा. तोही शाळेचा गडी शिवायचा नाही म्हणून संध्याकाळी घरी न्यायचा, सकाळी परत आणायचा. तहान लागली तर शिपायानं नळ उघडला पाहिजे. शिपाई नसला तर पाणी नाही. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेले ते आणि त्यांची भावंडं मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, म्हणून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुलं वाटली. जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेऊन तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. शिक्षणाचं दार उघडलं होतं हो, पण पाण्याचं बंद होतं.

आता दुसरी बाजू. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांचं जाळं उभं केलं. आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह होतं, तिथे बहुजनांची मुलं टिकेनात, म्हणून जातवार वसतिगृहं निघाली. त्या काळात त्याशिवाय ही मुलं शिकलीच नसती, हे मी मानते. पण त्यातल्याच जैन वसतिगृहात राहणारे भाऊराव पाटील अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो म्हटलं तर नकार दिला, आणि वसतिगृह सुटलं. पुढे १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्याला बिऱ्हाड. धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सगळी मुलं एकत्र. मुलंच स्वयंपाक करायची, मुलंच वाढायची. १९२७ साली गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई! जैन घरातली बाई, या मुलांच्या जेवणासाठी एकेक दागिना मोडत गेली, शेवटी मंगळसूत्रही. भाऊरावअण्णांचे पुतळे गावोगावी आहेत, त्या माऊलीचं नाव किती जणांच्या तोंडी असतं? इथे बसलेल्या बायकांना विचारते मी. (सभागृहात हात वर होतात.) असू दे, इतके तरी आहेत.

आता माझी तक्रार. ती लांबली तर अध्यक्षांनी मला सांभाळून घ्यावं.

माझ्याकडे माण तालुक्यातला एक विद्यार्थी होता. वडील टेंभू सिंचन योजनेचं पाणी येण्याआधीच्या कोरडवाहू रानातले, आई रोजगाराला. मुलगा गणितात तरबेज. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून मी त्याच्याबरोबर कॉट बेसिसवर खोली बघायला फिरले. पहिल्या घरी काकू फार प्रेमळ. पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाल्या. मग "नाव काय रे बाळा?" त्यानं नाव सांगितलं. "पूर्ण नाव?" त्यानं वडिलांचं सांगितलं. "आडनाव?" त्यानं सांगितलं. तरी पत्ता लागेना, कारण ते आडनाव दोन-तीन समाजांत आहे. मग "गाव कुठलं? गावात घर कुठं येतं?" पोरगा सरळ, त्यानं देवळाच्या पलीकडे असं सांगितलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग व्हेज का नॉनव्हेज. मग म्हणाल्या, "मॅडम, खोली तशी भाच्यासाठी ठेवलीय, विसरलेच बघा." गॅसवर चढलेला चहा त्यांनी उतरवला. तो मी पाहिला, आणि पोरानंही पाहिला.

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच, फक्त भाच्याच्या जागी पुतण्या. जिन्यात मुलगा मला म्हणाला, "मॅडम, पुढच्या घरी मी खालीच थांबतो. तुम्ही आधी सांगून टाका, म्हणजे त्यांना चहा टाकायला नको." सतरा वर्षांचं पोर समोरच्याची अडचण सांभाळत होतं. कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलं होतं त्याला हे? समाजरचना म्हणजे काय हे मला त्या जिन्यात जितकं कळलं तितकं कुठल्याही ग्रंथात कळलं नाही.

शेवटी तो एका नातेवाइकाकडे राहिला, रोज एसटीनं दीड तास येऊन-जाऊन. पहिला तास हुकायचा, आणि आमच्याच शिक्षकखोलीत शेरा मारला गेला की पोराला शिस्त नाही. हजेरीपत्रकावर गैरहजेरीची खूण उमटते, तिच्यामागचा चहा उमटत नाही.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. म्हणजे कबूल केलेलं आता पळतच सांगावं लागणार.

शिक्षण. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितलं की महसूल रयत भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला होतो. आज फी भरू शकणारी मुलं पिवळ्या बसमधून एकीकडे जातात आणि ऊसतोडीच्या हंगामात पट रिकामा होणाऱ्या शाळा दुसरीकडे राहतात. पोषण आहाराची खिचडी एकत्र खाणारी मुलं आता बहुतेक एकाच थरातली असतात. पंगत आहे, पण तिच्यात बसायचं कुणी ते आधीच ठरलेलं असतं.

संस्कृती. वाळव्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी जोशीपण सोडून फडावर उभे राहिले आणि पठ्ठे बापूराव झाले. पवळाबाईंबरोबरचा त्यांचा तमाशा सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला, पण नात्यागोत्यानं त्यांना दूर केलं. त्याच तालुक्यात वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना शाळा जेमतेम दीड दिवस मिळाली. आपण या दोघांची गाणी आणि कथा अभिमानानं सांगतो. ज्या रचनेनं एकाला घराबाहेर आणि दुसऱ्याला शाळेबाहेर ठेवलं, तिच्यावरही तितक्याच मोठ्यानं बोललं पाहिजे.

नाती. यावर अख्खं व्याख्यान हवं होतं. आपली मुलं एका वर्गात शिकतात, एका कंपनीत काम करतात, आणि लग्नाचा बायोडाटा मात्र जातीच्या ग्रुपवरच फिरतो. सोळा-सतराव्या वर्षी, जेव्हा मैत्री जडते, तेव्हा ही मुलं कुणाच्या ताटाशेजारी बसली होती हे पाहा. एकत्र पीठ मळलेल्या, खरकटी काढलेल्या मुलांना पुढे कुणी कुणाचं आडनाव काढून बिचकवू शकत नाही. रयतच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन बघा. त्यांच्या लग्नकार्यांत कोण कोण पंगतीला असतं ते बघा.

जूनमध्ये पोरं बॅगा घेऊन साताऱ्याच्या स्टँडवर उतरतील. ज्यांच्या घरी खोली आहे त्यांनी डिपॉझिट घ्या, पालकांचा नंबर घ्या, ते रास्त आहे. घर गावात कुठं येतं हे विचारू नका. आणि आयोजकांना माझी विनंती आहे: गावात अशी एक खानावळ चालवू या, जिथे मुलं स्वतः रांधतील आणि वाढतील. पहिल्या वर्षाचा तांदूळ आणि ज्वारी मी देते. भांडी, जागा आणि गॅस कोण देणार, त्यांनी बाहेरच्या टेबलावर नावं लिहून जा.