सशाचं पोट थांबता कामा नये

नमस्कार श्रोतेहो. घरात पाळलेल्या सशांच्या खाण्याबद्दल आज बोलणार आहे. ज्यांच्याकडे ससा आहे त्यांना एक विनंती आधीच करते. सशाने 12 तास काही खाल्लं नाही, लेंड्याही टाकल्या नाहीत, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. रात्र असली तरी त्याला पशुवैद्याकडे न्या. कुत्र्याने एक वेळ जेवण टाळलं तर सहसा काही बिघडत नाही, सशाचं मात्र बिघडतं. का, ते सांगते.

ससा गवतावर जगणारा प्राणी. गवतात कस कमी, आणि तो काढून घ्यायला खटपट फार. गाय त्यासाठी रवंथ करते. सशाचं जठर एकाच कप्प्याचं असतं, आणि त्याच्या तोंडाशी असलेली झडप इतकी घट्ट की सशाला उलटी करता येत नाही. एकदा आत गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे. लहान आतडं संपलं की अन्नाची वाटणी होते. जाड, चिवट तंतू सरळ पुढे जातात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि पातळ भाग मात्र मागे वळून सीकम नावाच्या पिशवीत जातो. ही पिशवी जठरापेक्षा कितीतरी मोठी असते. तिथले असंख्य सूक्ष्मजीव ते कण आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं तयार होतात.

पण ती शोषून घेणारं लहान आतडं तर मागेच राहिलं! म्हणून ससा तो माल दुसऱ्यांदा खातो. द्राक्षांच्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या मऊ, चकचकीत गोळ्या, बहुधा रात्री किंवा पहाटे, शेपटीखालून बाहेर पडताच खाली तोंड घालून तो थेट गिळतो. हे दिसलं की पुष्कळजण किळस येऊन त्याला हटकतात. कृपा करून हटकू नका, ते त्याचं जेवणच आहे. काळजी उलट वेळी करायची. त्या मऊ गोळ्या खाली तशाच पडलेल्या किंवा मागच्या केसांना चिकटलेल्या दिसल्या, तर खुराक जड होतो आहे, किंवा ससा इतका लठ्ठ झालाय की तोंड तिथवर पोचत नाही. कधी दात किंवा पाठही दुखत असते.

ही सगळी यंत्रणा हलती राहते ती गवतातल्या न पचणाऱ्या तंतूंमुळे. म्हणून वाळलेलं गवत सशापुढे दिवसरात्र हवं. रोजच्या खाण्यात त्याचा वाटा निदान 80 टक्के. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, आणि गवत आडवं रगडून चावताना ते झिजत राहतात. लसूणघास वाढत्या पिल्लांसाठी ठीक. मोठ्या सशाला तो रोज घालू नये, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असतं. ससा गरजेपेक्षा जास्त कॅल्शियमही शोषून घेतो आणि उरलेलं लघवीवाटे टाकतो. मग लघवी खडूच्या पाण्यासारखी गढूळ होते, खडे होतात.

विकतच्या पेलेट्सचं, म्हणजे दाबून केलेल्या कोरड्या खाद्याच्या कांड्यांचं, प्रमाण मोठ्या सशाला त्याच्या वजनाच्या दर किलोला दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास पुरे. रंगीबेरंगी दाण्यांचं मिश्रण मी तर कुणालाच सुचवणार नाही, कारण ससा त्यातलं गोड तेवढं वेचतो आणि तंतुमय तुकडे सोडून देतो. आणि गाजर! चित्रांमधला ससा गाजरावर जगत असेल, खऱ्या सशाला त्यातली साखर जास्त होते. क्वचित एखादा छोटा तुकडा द्या. गाजराचा पाला चालतो, कोथिंबीर, पुदिनाही चालतो. पाव, बिस्किटं अजिबात नकोत. पिठूळ, गोड खाण्याने सीकममधल्या उपकारक जंतूंचा तोल जातो आणि घातक जंतू माजतात. नवीन पाला द्यायचा तोही थोडा थोडा वाढवत, आठवडाभर घेऊन.

तंतू कमी पडले, पाणी कमी प्यायलं गेलं, दात दुखला, घरात फटाक्यांसारखा मोठा आवाज झाला, तरी आतड्याची हालचाल मंदावू शकते. मग वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. लठ्ठ सशाच्या यकृतावर तर उपासाचा फार लवकर परिणाम होतो. पूर्वी दोष पोटातल्या केसांच्या गोळ्याला दिला जाई, पण बहुतेक वेळा आतडं आधी थंडावतं आणि मग केस साठतात. ससा दुखणं लपवणारा प्राणी आहे, ओरडून सांगत नाही. पाठ काढून कोपऱ्यात बसणं, कडकड दात खाणं, लेंड्या बारीक होणं किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या येणं, एवढंच काय ते दिसतं. म्हणून रोज सकाळी लेंड्या पाहा.

घरातलं औषध देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं माणसांना रोज लिहून दिलं जाणारं प्रतिजैविक तोंडावाटे दिलं तर सशाचा जीव जाऊ शकतो. पोट फुगून टणक लागत असेल तर जबरदस्तीने भरवूही नका. दवाखान्यात जाताना शेवटच्या लेंड्या पिशवीत घ्या आणि नेहमीचं गवत सोबत ठेवा. ऑपरेशन ठरलंच, तर कुत्र्यामांजरासारखं सशाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नसतं. उलटीची भीती नसते, रिकाम्या आतड्याची असते. कुणी उपाशी ठेवायला सांगितलं, तर सशांवर नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. नमस्कार.