घर विकायचंय? फरशी दिसू द्या

नमस्कार श्रोतेहो.

घर विकायला काढलं की आधी रंगाऱ्याला बोलावणं जातं. मग घरातलं कुणीतरी, बहुधा मोबाईलवर परदेशी घरांचे व्हिडिओ बघणारं, म्हणतं, "खाली कार्पेट टाकूया की! नाहीतर लाकडी फ्लोअरिंग करू. दोन पैसे जास्त येतील." माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोल्हापुरात विकायच्या घरात कार्पेट नकोच. लाकडी फ्लोअरिंग करायचंच असेल, तर वरच्या मजल्यावरच्या एखाद्या बेडरूमपुरतं.

अमेरिकेत कार्पेट की लाकूड हा प्रश्न खरा आहे. तिथली बरीच घरं लाकडी सांगाड्याची, जमीनसुद्धा तुळयांवर फळ्या ठोकून केलेली. थंडीत पाय गारठू नयेत म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. मग आवड बदलली आणि जुन्या घरांतले गालिचे उचलून खालचं ओकचं लाकूड घासून पुन्हा चमकवायला लागले. आपल्याकडे खाली काँक्रीटचा स्लॅब, नाहीतर भरावावर कोबा. आपण रोज ओल्या फडक्यानं लादी पुसणारी माणसं. तिथला हिशोब इथं कसा लागू पडावा?

घर बघायला माणसं येतात तेव्हा काय होतं बघा. चपला दारात निघतात, पाऊल थेट जमिनीवर पडतं. हॉलभर कार्पेट असेल तर पुरुष मंडळी छताकडं, पंख्याकडं बघत राहतात. पण सोबतची बाई कोपऱ्यात थांबते, पायाच्या अंगठ्यानं कड जरा वर करते आणि हळूच म्हणते, "अहो, हे उचलून बघा की जरा." खाली लोणा, म्हणजे ओलीनं वर आलेल्या क्षारांची पांढरी भुकटी दिसली, किंवा पावसाळ्यातला कुबट वास आला, की पुढची बोलणी भावाची होत नाहीत, संशयाची होतात. खाली काहीच नसलं तरी संशय आलेला असतोच. झाकलेलं काही दिसलं की आपला माणूस आधी विचारतो, का झाकलंय?

आणि आपल्या गावात तो विचारणारच. 2019 आणि 2021 चा महापूर कुणी विसरलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर इशारा पातळीला येते, 43 फुटांवर धोक्याच्या. हे आकडे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतात. शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क या भागांत पाणी शिरलेल्या गल्लीतलं घर असेल, तर पाणी कुठवर आलं होतं ते गिऱ्हाइकानं विचारायच्या आत सांगा. शेजारी सांगणारच आहेत.

आता लाकडाचं. ज्याला आपण सर्रास लाकडी फ्लोअरिंग म्हणतो, ते बहुतेक वेळा लॅमिनेट असतं. आत दाबलेल्या लाकडी भुश्याची पाटी, वर लाकडाच्या छपाईचा थर. दिसायला झकास. पण सांध्यातून पाणी गेलं की कडा फुगतात, आणि फुगलेली कड परत बसत नाही. घासून पॉलिशही करता येत नाही, कारण वरचा थर कागदाएवढा. अस्सल लाकडाचं तसं नाही, ते घासता येतं. पण त्याचा खर्च विकायच्या घरात कोण करणार? शिवाय 8 मिलिमीटरची पट्टी आणि खालचा फोम मिळून जमीन साधारण सेंटीमीटरभर वर येते. मग दरवाजे अडकतात, ते खालून तासायला सुताराला बोलवा. तळमजल्यावर करायचा मोह झालाच, तर प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं फरशीवर चिकटवून एक दिवस ठेवा. खालच्या बाजूला दव धरलं, तर लॅमिनेट विसरा. आधीच बसवलेलं आणि चांगलं असेल तर मात्र उचकटू नका, फुगलेल्या पट्ट्या तेवढ्या बदला.

मग पैसे कशावर घालायचे? आहे त्या फरशीवर. एक रुपयाचं नाणं घेऊन घरभर ठोकत फिरा. जिथं भद्द, पोकळ आवाज येईल, तिथली फरशी सुटलेली. ती उचलून माल भरून पुन्हा बसवून घ्या. जुन्या घरात मोझॅक असेल तर मशीन पॉलिश करा. पण ते रंगकामाच्या आधी, कारण पॉलिशचा राडा भिंतीवर हातभर उडतो. कळकट मोझॅक पॉलिशनंतर असा खुलतो, की नवीन टाईल्सची गरज काय, असं गिऱ्हाईकच म्हणतं.

आणि कृपा करून ॲसिड ओतू नका. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड. ॲसिड पडलं की फसफसतात आणि वरची झिलई कायमची जाते. मोझॅकमधल्या संगमरवराच्या चिपाही तशाच खराब होतात. साबणाचं कोमट पाणी, काथ्या आणि थोडा घाम, एवढ्यावर भागतं.

माळ्यावर जुन्या कामातल्या चार-पाच जादा फरश्या पडल्या असतील तर त्या भंगारात देऊ नका. तो रंग आता बाजारात मिळेलच असं नाही. सौदा ठरला की किल्ल्यांबरोबर त्याही नव्या मालकाला देऊन टाका.

नमस्कार.